आई झोपलेली दिसत होती

दादा : अहो, राउटरच्या खोक्यावर छापलंय की! अख्ख्या घरात रेंज, दोन मजल्यांच्या. आमच्या आईचं घर केवढं? तीन खोल्या.

नेटवाला : साहेब, मजल्यांवर नसतं ते, भिंतींवर असतं. ही मधली भिंत जुन्या बांधणीची, हातभर जाड. तिला लागून लोखंडी कपाट. आणि आईंवर लक्ष ठेवायचा कॅमेरा त्याच्या पलीकडे, मागच्या खोलीत.

दादा : पण मी आत्ता मागच्या खोलीत जाऊन आलो. माझ्या फोनवर रेंज फुल दिसते.

नेटवाला : ते राउटरचं बोलणं तुमच्यापर्यंत किती पोचतंय, तेवढंच दाखवतं. राउटर मोठ्यानं ओरडतो. कॅमेऱ्यालाही उलट बोलावं लागतं ना, आणि त्याचा आवाज अगदी बारीक. तो इथवर येत नाही.

चिमी : दादा, पुरे ना आता.

दादा : पुरे कसं? आई गेली, चिमे. तू म्हणतेस चित्र अडकलं होतं. ते का अडकलं, हे कळायला नको मला? दुकानातला सगळ्यात भारी राउटर पाठवला होता मी. त्या आकड्यात असे दहा कॅमेरे चालले असते!

नेटवाला : आकडा मोजतात रिकाम्या खोलीत. मध्ये भिंत नाही, शेजारी कोणी नाही, समोर एकच मशीन, तेही जवळ ठेवलेलं. वर राउटरच्या दोन-तीन वाटांचा वेग एकत्र मिळवून छापतात. तुमचा कॅमेरा एकाच वाटेनं जातो. आणि ती सगळ्यात गर्दीची. या इमारतीतले सगळे राउटर तिथेच कलकलाट करतात.

दादा : म्हणजे धादांत खोटं छापतात.

नेटवाला : खोटं म्हणता येत नाही ना. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं असतं सगळं.

दादा : मग बसवलात तुम्हीच ना? तेव्हा तोंड शिवलं होतं का?

नेटवाला : विचारलं होतं मी. मागच्या खोलीपर्यंत वायर ओढू का, असं ताईंना विचारलं होतं.

दादा : चिमे?

चिमी : विचारलं होतं त्यांनी. मी लगेच तुला फोन लावला. तू म्हणालास, भिंतीला भोकं पाडायची नाहीत. एवढा चांगला राउटर घेतल्यावर वायर कशाला?

दादा : असं म्हणालो मी?

चिमी : घाईत होतास.

दादा : ठीक आहे. म्हणालो असेन. पण दुपारभर चित्र हलत नाही, आणि तुला शंका येत नाही?

चिमी : झोपलेलं माणूस कितीसं हलतं रे? कुशीवर होती. हात गालाखाली. मी इथेच पुढच्या खोलीत काम करत होते. कानाला हेडफोन, एकाची तक्रार संपली की दुसऱ्याची सुरू. लोक कानात शिव्या घालतात आणि आपण ‘सर, सर’ करायचं. मध्ये स्क्रीनकडे बघायचे. आई झोपलेली दिसायची. बरं वाटायचं.

दादा : एकदा उठून बघायचं होतंस.

चिमी : उठायचेच मी! कॅमेरा यायच्या आधी दर कॉलनंतर उठायचे. साहेबीण बोलायची, तरी उठायचे. तूच म्हणालास, सारखी धावू नकोस, नोकरी घालवशील. आता बसल्या जागी दिसेल.

दादा : म्हणजे शेवटी सगळं माझ्यावर.

चिमी : नाही. फोन काढ तुझा. त्या दुपारी मला मेसेज केला होतास, तो वाच.

दादा : कुठला मेसेज?

चिमी : वाच ना.

दादा : ‘आई गाढ झोपलीय. तूपण दोन घास खाऊन घे.’

नेटवाला : मी जरा बाहेर थांबतो, ताई.

चिमी : नाही, थांबा. मला हे सांगा, त्याच्या फोनवरही तेच चित्र दिसत असणार ना?

नेटवाला : तेच. कॅमेऱ्यानं शेवटचं जे पाठवलं, ते सगळीकडे तसंच राहतं. कोपऱ्यात बारीक घड्याळ असतं, ते तेवढं थांबलेलं असणार. पण तिकडे कोणाचं लक्ष जातं? माझ्या घरी पाळण्यावर लावलाय असाच. मीसुद्धा कधी बघितलं नाही.

दादा : म्हणजे मी ऑफिसात बसून तिला बघत होतो, तेव्हा ती...

चिमी : खाली होती. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. फरशीवर.

नेटवाला : ताई, कॅमेरा काढून देऊ का? स्क्रू दोनच आहेत.

चिमी : काढा.

(नेटवाला स्टूल घेऊन मागच्या खोलीत जातो.)

दादा : डॉक्टर म्हणाले, खुब्याचं हाड जुळलं असतं. गार फरशीवर एवढा वेळ पडून राहिली, तेच छातीला बाधलं. ते ऐकलं आणि तिथेच, सगळ्यांसमोर, तुला काय काय बोललो मी.

चिमी : बोललास.

दादा : आत्यासमोर म्हणालो, हिच्या डोळ्यांदेखत झालं.

चिमी : काय चुकीचं होतं त्यात? डोळे स्क्रीनवरच होते माझे.

दादा : माझेही होते. ते नाही सांगितलं मी कोणाला. मेसेजचं विसरलो नव्हतो, चिमे. पुसायचा म्हणून दोनदा उघडला होता.

चिमी : मग का नाही पुसलास?

दादा : तुझ्याकडे राहिलाच असता ना. आत्याला आज फोन करतो. सांगतो तिला, मीही बघत होतो म्हणून.

चिमी : कर. तिनं माझ्याशी बोलणं टाकलंय.

दादा : ओरडली असेल गं आई. किती वेळ ओरडत असेल.

चिमी : नसेल ओरडली.

दादा : तुझ्या कानाला हेडफोन. तुला कसं कळणार?

चिमी : मी आत गेले, तेव्हा शुद्धीवर होती. ओठ निळे पडले होते. मला बघून हसायला गेली.

दादा : काही बोलली?

चिमी : ‘झालं का गं तुझं काम?’ म्हणाली.