आईच्या फोटोवरचं अ‍ॅक्रिलिक

थिनरचा वास आला की मला आमचे आप्पा आठवतात. शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. सुरतेला लिंबायतमध्ये खाली पॉवरलूम आणि वर आमची खोली. मागांच्या हादऱ्यानं आईच्या फोटोची काच दोनदा फुटली, म्हणून मी काचेच्या जागी अ‍ॅक्रिलिक बसवलं. आई जाऊन वर्ष झालं होतं. आप्पा रोज सकाळी खिळ्यावरचं फडकं ओलं करून फोटो हळूच पुसायचे.

दिवाळीच्या तोंडावर मी म्हटलं, "आप्पा, सरका. एका मिनिटात चकाचक करतो." तेच फडकं थिनरमध्ये बुडवून घासलं, तर अ‍ॅक्रिलिक दुधासारखं पांढरं झालं. आई दिसेनाशीच झाली. फडक्याला वास येत होता, ते गटारीत टाकलं.

फ्रेमच्या दुकानात नेलं, तर दुकानदार म्हणाला, "अरे भाई, याला मऊ सुती कापड आणि पाणी, बस."

म्हणजे आप्पांचंच बरोबर होतं. फोटोला काही झालं नव्हतं. नवं अ‍ॅक्रिलिक बसवून आणलं आणि म्हटलं, "घ्या, पुसा तुमच्या पद्धतीनं."

आप्पा रिकाम्या खिळ्याकडे बघत होते. "फडकं कोठे शे रे?"

"टाकलं. दुसरं देतो ना."

"तुन्ही मायना लुगडाना तुकडा व्हता तो."