धाकटीचा एक गेम

थोरली : बसा हो खाली, चॅम्पियन! मागच्यांना तुमच्या टकलाशिवाय काही दिसत नाहीये.

चॅम्पियन : ताई, मी फक्त शिंकलो.

थोरली : ‘बॅकहँड’ असं शिंकतं का कुणी? पंचांनी एकदा ताकीद दिलीय. पुन्हा तोंड उघडलंत तर माझ्या बहिणीचा पॉइंट जाईल, आणि घरी तुमची काही खैर नाही.

चॅम्पियन : अहो, पण छप्पन्नाव्या वर्षी पहिली मॅच! एकोणीस वर्षं मी देशोदेशी खेळलो, तेव्हा बायकोनं रॅकेटला हात लावला नाही. मी निवृत्त होऊन गुडघे शेकत बसलो, तर बाईसाहेब क्लबच्या स्पर्धेत! आणि शिकवायला मी चालत नाही. म्हणे मी ओरडतो.

थोरली : ओरडताच.

चॅम्पियन : चार-शून्य मागे आहे. समोर दातांची डॉक्टर, एकेक पॉइंट मुळासकट उपटतेय.

थोरली : धाकटीला मॅच कुठे जिंकायचीय? सकाळीच म्हणाली, “ताई, एक गेम. भोपळा घेऊन नाही गं जायचं घरी.”

चॅम्पियन : चाळीस-तीस! ताई, तिचीच सर्व्हिस! एक पॉइंट! मी जरा बाहेर जाऊन येतो.

थोरली : आधी माझा हात सोडा, मोडेल.

चॅम्पियन : फायनलला वीस हजार माणसं होती, तेव्हा मला जांभई आली होती. इथे अकरा, त्यातला एक झोपलेला, आणि मला एका जागी बसवत नाहीये. ही कशी हो बसायची एकोणीस वर्षं, इतकी शांत?

थोरली : डोळे मिटून.

चॅम्पियन : काय?

थोरली : काळा चष्मा काय फॅशन म्हणून होता? म्हणून तर दर दौऱ्यावर मला ओढून न्यायची. मी बघायचे आणि तिच्या कानात सांगायचे.

चॅम्पियन : अहो, मी तिच्याकडे बघून मूठ आवळायचो! ती हसायची!

थोरली : मी कोपर मारलं की हसायची.

चॅम्पियन : म्हणजे माझी अख्खी कारकीर्द...

थोरली : मी पाहिली. छान खेळायचात. आता गप्प, तिनं चेंडू वर उडवला.

चॅम्पियन : पापणी लवू देणार नाही मी. गेला... आला... पळ गं... सोड, सोड, बाहेर जातोय! मनात बोललो, ताई, मनात!

थोरली : बाहेर! गेम! धाकटे, फोडलास गं भोपळा!

चॅम्पियन : ताई, बाकावर काय चढताय या वयात?

थोरली : तुम्ही आधी चढलात!

(बाजू बदलताना धाकटी कठड्याशी येते.)

धाकटी : उतरा आधी, दोघंही! अहो, पाहिलंत?

चॅम्पियन : सगळं पाहिलं. तू मात्र... ताईंनी सांगितलं मला.

धाकटी : ताई, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही!

थोरली : इतकी वर्षं भिजवला की!

धाकटी : अहो, सुरुवातीला बघायचे मी. मग त्या एका मॅचमध्ये तुम्ही कोसळलात, दोघांनी उचलून नेलं... त्यानंतर धीरच होईना. जिंकलात की टाळ्यांवरून कळायचं. पडलेलं मात्र बघवलं नसतं. रागावलात?

चॅम्पियन : नाही गं. पण मी डोळे उघडे ठेवणार.

धाकटी : आता ती डॉक्टर मला धुऊन काढणार आहे.

चॅम्पियन : तरी.