प्रॉम्प्टरच्या नातीचा फोन

हॅलो? … हॅलो, मोनिके, मीच वं, रत्नमाला… हो, आधी संबोधीच होती. 'हॅलो' म्हटलं अन् अडली… मंग घेतला मी पोरीच्या हातचा फोन. म्हटलं, तू तिकडे गोंदियात कान लावून ताटकळत राहशील…

काय? … हो, मालूम आहे मले, तिनंच बोलाचं होतं. भंडाऱ्याच्या स्पीच थेरपीवाल्या कीर्ती मॅडमनं तेच काम देलं तिले. 'जिच्यासंग बोलाचं सगळ्यात भेव वाटते, तिले फोन कर अन् एक गोष्ट स्वतः सांग.' … तूच. … आता राग कायले येते? तू तिचं अर्धं वाक्य पुरं करून टाकतेस ना, म्हणून… पाय, आता माझंही केलंस.

नाही वं, बोबडी नाही, अडखळते… वेखंड-गिखंड काही नको पाठवू. मॅडम म्हणते, पोरगी अडली का कोणी शब्द द्याचा नाही. थांबाचं. तिचं वाक्य तिलेच पुरं करू द्याचं… हो, सोपं वाटते. पण आमच्या घरी पोरीचा आजा, आमचे मामाजी आहेत ना… सारी जिंदगी झाडीपट्टीच्या नाटकात स्टेजसमोरच्या खड्ड्यात बसून प्रॉम्प्टिंग केलं त्यायनं. कोणी दम घ्याले थांबला तरी शब्द देते हा माणूस. भूषणच्या लग्नात त्याचा उखाणा चालू होता, तर… हो, नवरीचं नाव यायनंच सांगितलं.

ऐक ना, पुढचं ऐक… मॅडमनं त्यायले समोर बसवून समजावलं. अन् पटलं त्यायले. इतकं पटलं का इचारू नको… एकोडीच्या मंडईच्या जत्रेत नाटक होतं. व्हिलन हिरोइनीच्या गळ्यावर चाकू धरून उभा, अन् वाक्यच इसरला. खाली पायते, तं मामाजी खड्ड्यातून त्याच्याकडे पाहून राहिले… गप. … हो वं, पुस्तक समोर उघडं. … काहून म्हणजे? 'त्याचं वाक्य त्यालेच पुरं करू द्या.' … हासू नको. हिरोइनीचे गुडघे दुखले, तर तिनं चाकू बाजूले केला अन् मांडी घालून बसली. चायवाल्यानं दोघायले स्टेजवर चाय नेऊन देली… पिली ना. चाय पिल्यावर आठवलं त्याले… टाळ्या म्हणते अशा कधी पडल्या नाही. आता कंपनी म्हणते, मामाजी, रोजच गप राहत जा.

पण घरात लई कठीण वं. पोरगी 'पा… पा…' करते, अन् आम्ही सगळे उभे. पाणी मागते, पापड मागते का पाल दाखवते, काही कळत नाही. परवा 'सा… सा…' करून राहिली होती. थांबलो आम्ही, मॅडमचं ऐकून… साप होता. … न्हाणीत. … नाही, कोणाले चावला नाही. तोही थांबला होता.

हो… हो… खरं सांगू का मोनिके, तिचा शब्द अडला का माझाच जीव अडकते. मामाजी सुधरले, मी नाही सुधरली. अन् आज फोनवर जमलं नाही, तं शनवारचं सोडून देतो म्हणते ती… शनवारी काय ते… सांगून टाकू का तुले? शनवारी ना, शाळेत…

थांब. … काय गं संबोधी? … फोन मागून राहिली. डोळे लाल केले पोरीनं. … मामाजीही वटारून राहिले माह्याकडे. … घे बाई. बोल. तुझं तूच बोल.

— मा… मावशी. मी… सं… सं… … … संबोधी.

… नाही. तू मधी… नको बोलू. थांब.

श… शनवारी… आमच्या शाळेत गॅ… गॅदरिंग आहे. मी… एकटी… भा… भाषण… दे… … … देणार आहो. … तू ये.

… …

मावशी? … र… रडून राहिली का? … बरं.

… हो. तू येतेस, आईले सांगतो.

… नाही, तू नको ठेवू. मीच… ठे… ठे… … … … ठेवतो.