यंत्राच्या गळ्यातला ताजा हार

मंडळी, ऐका! या चराचर सृष्टीत सर्वांत मोठं धाडस कोणतं? सागर ओलांडणं? पर्वत उचलणं? काळाच्या दाढेतून परत येणं? छे! डॉक्टरसमोर बसून त्याला एक प्रश्न विचारणं!

हसू नका. श्रद्धा ठेवली की चौकशी करू नये, असं कुठल्या देवानं सांगितलंय?

विट्याचे महादेवअण्णा कोष्टी. घरचे यंत्रमाग. त्यांच्या मूत्रपिंडात गाठ निघाली, आणि ती कर्करोगाची! शहरातले तरुण डॉक्टर म्हणाले, "काका, रोबोटनं काढू. छोटी छिद्रं, मूत्रपिंडही वाचेल." काचेपलीकडचं यंत्र दाखवलं. चार हातांचं! चार हात दिसल्यावर अण्णांनी काय केलं? चपला काढल्या आणि नमस्कार ठोकला!

त्यांच्या पत्नी अंजनाकाकूंची नजर मात्र यंत्राच्या गळ्याकडे. झेंडूचा हार, कुंकवाचं स्वस्तिक. आणि हार – ताजा! अहो, नवा माग आला की त्यांच्याही घरी हीच पूजा! आणि नव्या मागावरचं पहिलं कापड? पायपुसण्याच्या लायकीचं! पण इथं कापड नव्हतं, नवरा होता.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू?"

"अगं, गप!" अण्णा कुजबुजले. "रागावतील ते. माझा जीव त्यांच्या हातात आहे!"

"म्हणूनच विचारते! साहेब, या यंत्रावर तुम्ही स्वतः अशा गाठी किती काढल्या?"

खोलीत शांतता! कशी? आत्ता इथं आहे तशी, मागच्या खोकल्यासकट.

डॉक्टरांनी चष्मा काढला. पुसला. घातला. परत काढला. अण्णांनी डोळे मिटले – आता हा माणूस दार दाखवणार!

"काकू, शिकून आलोय," डॉक्टर हळूच म्हणाले. "पण पेशंट म्हणाल तर… काका पहिले."

अण्णांचे डोळे खाडकन उघडले!

"पुण्याला माझे गुरू आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा हात बसलाय यावर. मी फोन करतो."

"करा. आणि तुम्हीही या. शेजारी उभं राहून बघा."

पुण्यात अण्णांना आत नेलं. दार बंद! काकू बाकावर, तोंडात नाम, डोळे दारावर. सांगितलेली वेळ उलटून गेली, तरी दार हलेना! अखेर तरुण डॉक्टर बाहेर आले. घामानं निथळलेले.

"गाठ निघाली, काकू. मूत्रपिंड शाबूत. पण मध्येच एक शीर फुटली. सरांनी क्षणात धरली. माझ्या हातून ती फुटली असती, तर…"

काकूंनी वाक्य पुरं करू दिलं नाही. त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

मंडळी, यंत्र वाईट नव्हे. तो डॉक्टरही वाईट नव्हे – खरं बोलला! पण कधी? विचारल्यावर! आणि तुम्ही? वांगं घेताना देठ तपासता, जावई बघताना चार गावं पालथी घालता, अन् पोट फाडून घ्यायला निघालात की नुसते हात जोडता! विचारा! ज्याच्या हाती जीव देताय त्याला विचारा – हे तुम्ही किती वेळा केलंय? आजपासून विचारा, आत्तापासून विचारा!

फक्त आमच्या तबलजींना तेवढं विचारू नका. त्यांचं आज पहिलंच कीर्तन आहे.