उताऱ्यातली रोपं कावून पिवळी पडली

न्हाई, पण मी काय म्हणते, त्या रामूच्या शेतातली रोपं पिवळी पडली तर पडू द्या की! रामू तुमचा गिऱ्हाईक हाय का, तुमी त्याला बी दिलतं का, औषध दिलतं का, तो आपल्या घाटनांदूरचा तरी हाय का? तो इंग्रजीच्या गाईडातला रामू. त्याची रोपं कावून पिवळी पडली हे तिथंच लिहिलंय, चौथ्या ओळीत, मी पेन्सिलनं खूण करून ठिवलीय, की बाबा रामूनं पाणी दिलं न्हाई म्हणून पडली. तेवढी ओळ बघायची, खाली उतरून काढायची, मार्क घ्यायचे आन पुढं जायचं. तर आमचे हे पेन खाली ठिवून म्हणतात काय, "चुकीचं लिहिलंय."

आता याला काय करावं तुमीच सांगा. तसं न्हाई, आधी समदं ऐका, मग सांगा.

आमचं कृषी सेवा केंद्र हाय, बी-बियाणं, खत, फवारणीचं औषध. बोर्डावर यांचंच नाव हाय, मी काय तोंडानं घेत न्हाई, गावात समदे संगमअप्पा म्हणतात, तुमीबी तसंच म्हणा. दुकान मामंजींनी काढलेलं, लायसनबी त्यांच्याच नावावर. मागच्या साली मामंजी गेले, आन ते लायसन यांच्या नावावर करायला कृषी कार्यालयात गेलो तर तिथला साहेब म्हणला, "अप्पा, त्याला डिप्लोमा लागतो." हे म्हणले, करतो की. साहेब म्हणला, "डिप्लोमाला दहावी लागते." तिथंच अडलं. कावून की नववी झाल्यावर मामंजींनी यांना शाळेतनं उचलून जे गल्ल्यावर बसवलं ते आजवर बसलेलेच हायत. मग बाहेरून फॉर्म भरला, या वयात, आन परीक्षेला बसले. मराठी निघालं, गणित तर यांचं तोंडावरच हाय, इतिहासबी निघाला कसाबसा. राहिलं इंग्रजी. आता जुलैला फेरपरीक्षा. साहेब म्हणला, "दहावी पास व्हा, डिप्लोमाला नाव घाला, तोवर मी थांबतो, पण आवंदा न्हाई झालं तर शटर खाली घ्यावं लागंल." मामंजींनी सायकलवर पोती वाहून उभं केलेलं दुकान, आन ते बंद पडायचं कशानं, तर इंग्रजीनं. तुमाला सांगते, तवापासून मला भाकरी गोड लागंना.

आन शिकवणार कोण? मी. माझी दहावी लग्नाआधीच झालती, माहेरी कड्याला, इंग्रजीत अगदी काठावर. पण घरात तेवढीच माझी मिळकत, मग मीच मास्तरीण.

देव पावला म्हणायचं, गहिनीनाथ सर दुकानात आले. अंबाजोगाईला त्यांचा क्लास हाय, पोरांची रांग लागते. आलते सोयाबीनचं बी न्यायला. मी पिशवी हातात धरूनच ठिवली, म्हणलं सर, यांना इंग्रजीत पास कसं करायचं ते आधी सांगा, मग बी न्या. सर हसले, म्हणले, "वहिनी, इंग्रजी येत नसलं तरी उतारा सुटतो. प्रश्नातला एक शब्द धरायचा. तो उताऱ्यात हुडकायचा. सापडला की ती अख्खी ओळ उतरून काढायची. आपलं डोकं चालवायचं नाही. उत्तर उताऱ्यात असतं."

एवढं सोपं! मी इचारलं, आन तो शेवटी एक प्रश्न असतो ना सर, तुमचं मत काय म्हणून, तो? सरांनी यांच्याकडं बघितलं, म्हणले, "त्याची प्रॅक्टिस कशाला? अप्पांचं मत आपल्याला कधी मागावं लागलंय का?" आमी समदे हसलो. हेबी हसले. आन खरंच हाय की, आमच्या गल्लीत कुणाच्या मोटारीत बिघाड होऊ द्या, कुणाच्या पोरीचं स्थळ येऊ द्या, यांचं मत आधी तयार. मग तो प्रश्न आमी सोडूनच दिला.

तर बसवलं यांना. सकाळी दुकान उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आत एक उतारा. पहिलाच निघाला हा रामू, मी त्याचा मराठीत अर्थ सांगितला. मी म्हणलं, अवो, प्रश्नात 'यलो' हाय, म्हणजे पिवळं, उताऱ्यात 'यलो' कुठं हाय बघा, चौथी ओळ, उतरवा. तर हे म्हणतात, "पाणी न्हाई दिलं तर रोप माना टाकतंय, सुकतंय. असं पिवळं पडतंय ते पाणी साचल्यानं, न्हाईतर लोह कमी पडल्यानं. याची जमीन चिबडी, पाणी धरणारी हाय का ते कुठं लिहिलंय?" मी म्हणलं, न्हाई लिहिलं. "पीक किती दिवसाचं हाय?" न्हाई लिहिलं. "फोटो हाय का?" आता उताऱ्याला फोटो कुठला आणू मी! म्हणलं, अवो, उत्तर उताऱ्यात असतंय, जे हाय ते लिहा. तर म्हणतात, "उद्या कुणी हे वाचून पिवळ्या रोपाला आणिक पाणी दिलं तर? पाप कुणाच्या माथी?"

कुणी वाचणार न्हाई वो ते! एक मास्तर वाचणार, लाल पेननं, आन तो काय सोयाबीन पेरायला बसलाय का तिथं?

पण त्यांचीबी सवय बघा. दिवसभर काय करतात हे? माणूस कीड पडलेलं पान घेऊन येतं, लुगड्याच्या पदरात, टोपीत, प्लास्टिकच्या पिशवीत, काउंटरवर ठिवतं, आन ते तोंड उघडायच्या आत हे सांगून मोकळे, की मावा हाय, तुडतुडे हायत, हे घे, सांजच्याला मार, तोंडाला फडकं बांध. इचारू देतच न्हाईत. आन बराबर निघतंय की! तालुक्यातनं माणसं येतात त्यासाठी. आता असल्या माणसाला मी सांगतेय, तुमाला काय येतंय ते इसरा. एकदा न्हाई, रोज सांगतेय. उत्तर उताऱ्यात असतंय, उत्तर उताऱ्यात असतंय, शेजारची सुभद्राबाई मला म्हणली, "जगदेवी, कुठला नवा मंत्र घेतलास गं?"

आन त्यात मिरग लागलेला. पेरणीचे दिवस. आमच्या दुकानात पाय ठिवायला जागा न्हाई, कुणी बी मागतंय, कुणी खत मागतंय, आन मी गल्ल्यामागं गाईड धरून उभी. परीक्षा जवळ आली आन हे अजून रामूशीच भांडतायत.

मग तो दिवस आला, बबनरावांचा. बबनराव म्हणजे आमचे जुने गिऱ्हाईक, मागच्या साली आमच्याकडनं सोयाबीन नेलं आन त्यांचं निम्मं उगवलंच न्हाई. ते म्हणतात बी खराब, हे म्हणतात बी खोल पेरलं. वरीस झालं, दोघं एकमेकाला रामराम करतात पण तोंड वाकडं करून. तर बबनराव खताला नंबर लावून बाकड्यावर बसले, आन नेमका त्या दिवशीचा उतारा निघाला एका दुकानदाराचा. दुकानदार शेतकऱ्याला जुनं बी इकतो, बी उगवत न्हाई, शेतकरी रडतो. आन खाली प्रश्न, दुकानदार कसा माणूस व्हता? उताऱ्यात सरळ लिहिलंय, लबाड आन लोभी.

मी ते मराठीत करून मोठ्यानं वाचलं. वाचायला नको व्हतं, पण वाचलं.

हे उठून उभे राहिले. "त्यानं बी उगवून बघितलं व्हतं का ते लिहिलंय का? ओल किती व्हती लिहिलंय का? पुरता पाऊस व्हायच्या आत पेरलं आसंल. दुकानदाराचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं का?" मी म्हणलं, अवो, उत्तर उताऱ्यात... तर बाकड्यावरनं बबनराव शांतपणे म्हणतात, "वहिनी, काय लिहिलंय म्हणले? लबाड? आन दुसरं काय? लोभी. बराबर हाय. लिहा की अप्पा."

बी मागणारे थांबले, खत मागणारे थांबले. समदे यांच्याकडं बघतायत. मला तर वाटलं, झालं, आता हे गाईड बबनरावांच्या अंगावर जातंय. यांच्या कपाळाची शीर फुगली. माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडं बघितलं आन डोळ्याला पदर लावला. काय करणार, दुसरं काय व्हतं माझ्या हातात?

बसले. पेन घेतलं. आन लिहिलं, सगळ्यांच्या देखत, लबाड आन लोभी. एकेक अक्षर असं लिहिलं जसं दुसऱ्याच्या कबुलीवर सही करतायत. बबनरावांनी वाकून बघितलं, मान हलवली, आन खत घेऊन गेले. जाताना म्हणले, "पास व्हशील अप्पा."

त्या दिवसापासनं माणूस बदलला वो. वाद न्हाई, शंका न्हाई. शब्द धरायचा, हुडकायचा, ओळ उतरवायची. उताऱ्यात वांग्याच्या झाडाला आंबे लागले आसते तरी यांनी उतरवून काढलं आसतं. सर येऊन तपासून गेले, म्हणले, "वहिनी, कमाल केली." मला तर इतकं हलकं वाटलं, पहिल्यांदा पोटभर जेवले.

परीक्षेला अंबाजोगाईला मीबी गेलते. शाळेच्या बाहेर पायरीवर बसून राहिले, देवाचं नाव घेत, आत यांच्याभवती समदी मिसरूड फुटलेली पोरं. घंटा झाली, हे आले. मी म्हणलं, कसा गेला? म्हणले, "झ्याक. समदं उताऱ्यातलं लिहिलं. एक सोडला." मी म्हणलं, कोणता? "शेवटचा. उत्तरच नव्हतं उताऱ्यात. दोन-तीनदा खालवर केला, कुठंच न्हाई."

मी पेपर घेतला हातात. उतारा व्हता पिकावरच्या किडीचा. आन शेवटचा प्रश्न, मी मराठीत सांगते, तुमच्या मते किडीपासनं पीक वाचवायला शेतकऱ्यानं काय करावं?

...

तुमच्या मते! अवो, ज्या माणसानं उभ्या जन्मात दुसरं काय सांगितलंच न्हाई! ज्याला झोपेतनं उठवून इचारलं तरी फवारणी सांगंल! मी तिथंच परत पायरीवर बसले. म्हणलं, अवो, हे तर तुमचंच मत मागितलंय, तुमाला येत नव्हतं का? औषधांची नावं तर समदी इंग्रजीतच हायत, नुसती नावं लिहिली आसती तरी चाललं आसतं.

तर हे खाली बघून म्हणतात, "आलं व्हतं मनात. निंबोळी अर्क, किडीला भुलवायचे कामगंध सापळे, मग लागलं तर औषध, समदं आलं व्हतं. पेनबी टेकवलं. मग म्हणलं न्हाई, आपलं मत नको उगा. जगदेवी रागावंल."

खरं सांगते, मला लई वाईट वाटलं. इतकी वर्षं मी म्हणत आले, जरा तोंड आवरा, आन आवरलं तर नेमकं तिथं जाऊन आवरलं.

निकाल लागला. दोन मार्कानं गेले.

मग दुकानात नुसते बसून राहायचे. माणूस पान घेऊन आलं तर म्हणायचे, "पुड्यावर लिहिलंय, वाच." ते माणूस माझ्याकडं बघायचं, मी पुड्याकडं. मला झोप न्हाई, दुकान जातंय का माणूस जातंय हेच कळंना. शेवटी एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, हे आपले आपणच म्हणले, "माझं मत सांगू का?" असं इचारून हे कधी बोललेच न्हाईत. म्हणलं, सांगा की. म्हणले, "बोर्डावर नाव माझं हाय तेवढं पुरं. लायसन तुझ्या नावावर करू. तुझी दहावी हाय. डिप्लोमा तू कर."

बायकोच्या नावावर लायसन म्हणजे गावात काय बोलतील, बबनराव काय म्हणतील, समद्याचा त्यांनी इचार करून ठिवला व्हता. मला रडूच आलं, तिथंच खताच्या पोत्यावर बसून रडले. साहेबाला इचारलं, साहेब म्हणला चालतंय. नाव घातलं. दुकान वाचलं म्हणून मी सुभद्राबाईला पेढे दिले.

आन आता माझा पहिला पेपर आलाय, किडी आन रोगाचा. दुकान सांभाळून मी शिकणार कधी, म्हणून शिकवायला हेच बसतात, रोज सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत. काल मी पुस्तक उघडलं, पहिला धडा मोठ्यानं वाचला. यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तक माझ्या हातातनं काढून मिटलं, बाजूला ठिवलं आन म्हणले, "यात समदं चुकीचं लिहिलंय. तू मी सांगतो ते लिही."

मी म्हणलं, बरं.