उंच खुर्ची

सून : ...अहो आई, ही खुर्ची आहे की मचाण? पाय लोंबकळतायत माझे!

सासू : मग उतर. तुला कोणी बसायला सांगितलंय? अजून घासायचीय ती.

सून : पण बसणार कोण हिच्यावर? तुम्ही तर माझ्याहून बुटक्या.

सासू : म्हण, म्हण. टायरची कुंडी केली तेव्हाही हसलीस. वॉशिंग मशीनच्या ड्रमचं टेबल केलं, तर तुझा नवरा म्हणतो, आता फ्रीजचं कपाट कर. आणि आता त्याच टेबलावर कप ठेवून रोज संध्याकाळी फोनवर कुजबुजत असतेस.

सून : कुजबुजत नाही काही. माझ्या आईशी बोलते.

सासू : आईशी बोलायला आवाज कशाला खाली घ्यावा लागतो? बरं, धर हा पाय. अशी नाजूक नको, घट्ट धर.

सून : हा कशाचा?

सासू : आपल्या जुन्या पलंगाचा. बैठक शेजारच्यांनी टाकून दिलेल्या दाराची, हात मोडक्या शिडीचे. विकत आणलेत ते फक्त स्क्रू.

सून : मग पाय थोडे कापायचे तरी.

सासू : मोजून घेतलेत. तो टाकीजवळचा कट्टा आहे ना, बरोब्बर तेवढी उंची.

सून : कट्ट्याएवढी का पण?

सासू : कारण त्या कट्ट्यावरून तुझी आई झटकन उठते.

सून : माझी आई?

सासू : मागच्या वेळी आली होती तेव्हा इथे बागेत, झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती बघ. मी जेवायला हाक मारली, सगळे आत गेले, ही मात्र जागची हलेना. म्हणे, 'बसते थोडी, वारा छान सुटलाय.' मी समोर उभी आणि ही आपली बसलेली. असा राग आला मला!

सून : मलाही वाटलं, रुसली. नंतर भांडले मी तिच्याशी.

सासू : रुसतेय कसली! स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं मी. दोन्ही हात टेकून उठायला बघायची, परत बसायची. मग इकडेतिकडे नजर, कोणी पाहिलं तर नाही ना. शेवटी फांदी धरून उठली. आणि आत येऊन मला काय म्हणाली? 'सुंदर बाग आहे हो तुमची.'

सून : मला एका शब्दानं बोलली नाही.

सासू : तू तरी मला कुठे बोलतेस? आधी नाक पूस, आणि काय चाललंय ते सांग.

सून : ती पडली होती, आई. न्हाणीघरात. शेजारणीनं उठवलं. म्हणते, काही झालं नाही. माझा जीव नुसता टांगणीला लागलाय. तिला इथे आणावं असं माझ्या मनात आहे. तुमच्या मुलाला विचारलं, तर म्हणाले, आईला तूच विचार.

सासू : बापावर गेलाय. अवघड काम दिसलं की बायकोला पुढे करायचं. किती दिवस आणायचं म्हणतेस?

सून : कायमचं.

(सासू पॉलिश पेपर उचलून खुर्चीचा हात घासू लागते.)

सून : तुमचं दोघींचं फारसं पटत नाही, माहीत आहे मला. म्हणून तर...

सासू : नाहीच पटत. तिला माझा आवाज मोठा वाटतो आणि मला तिचं ते तोंडातल्या तोंडात बोलणं सोसत नाही. भांडू की. दिवसभर दोघींना दुसरं काम काय? लाव फोन.

सून : ती ऐकायची नाही. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तिला...

सासू : लेकीच्या घरी कोण बोलावतंय? माझ्या घरी बोलावतेय मी. लाव, आणि स्पीकरवर ठेव. माझे हात भरलेत.

विहीण : काय गं, आज इतक्या लवकर फोन?

सासू : मी बोलतेय, विहीणबाई.

विहीण : अगंबाई, तुम्ही! सगळं ठीक आहे ना?

सासू : ठीक आहे. बागेत ठेवायला एक खुर्ची केलीय. बसून बघायला माणूस हवंय.

विहीण : घरात आहेत की माणसं.

सासू : त्यांचे पाय पोचत नाहीत. उठायला सोपी पडावी म्हणून उंच केलीय.

विहीण : अस्सं. म्हणजे पाहिलंत तुम्ही त्या दिवशी.

सासू : पाहिलं.

विहीण : पोरीला बोलू नका हं. उगाच काळजी करत बसेल.

सासू : ती इथेच उभी आहे. रडतेय.

विहीण : ...किती दिवसांसाठी बोलावताय मला?

सासू : हे बघा, खुर्ची बाहेर उन्हापावसात राहणार. दर वर्षी रंग द्यावा लागेल. तो तुम्ही द्यायचा.

विहीण : रंग कोणता आणलाय?