पापलेट साफ कसं करायचं

टेंभी नाक्याच्या दवाखान्यात तापलेल्या छकुलीला मांडीवर घेऊन मी बसले होते. शेजारी कोळीवाड्यातल्या दोघी होत्या. त्यातल्या आवडाबाईंची मुलगी लग्न होऊन मस्कतला गेलेली, हे एव्हाना सगळ्या बाकाला कळलं होतं.

“हंसाचा फोन आलेला ना गं आवडे? काय म्हणते?”

“पापलेट साफ कसं करायचं, विचारत होती.”

“हंसा? अगं, फ्रॉकात होती तेव्हापासून बाजारात तुझ्या जागेवर बसायची ती!”

“तेच ना, मनू! वाण्याच्या दुकानातला फोन, भोवती गिऱ्हाइकं. मी ओरडलेच, कोळ्याची पोर ना तू? लाज काढलीस! सगळं दुकान हसलं.”

“ती पण हसली?”

“नाय. म्हणाली, आये, तरी सांग. पहिल्यापासून सांग. हळूहळू सांग.”

“जावई होते तिथं?”

“बाजूलाच. ऐकू आलं मला. ‘जेवणाचंच विचारायचं म्हणालीस ना? मग आटप.’”

“म्हणजे, एरवी बोलूच देत नाय?”

“मागच्या वेळी भाताला पाणी किती घालू, विचारलेलं. तेव्हापण मी हसलेच. काल घरी येऊन मासळी कापायला बसले, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं माझ्या.”

“सांगितलंस तरी का तिला, पापलेटाचं?”

“कुठलं गं! म्हटलं, नवऱ्याला विचार. आणि ठेवला फोन.”